कुपी कीं भांडें?

अपघाताचें कारण सांपडलें, कीं मनुष्य निश्चिंत होतो. परंतु तें कारण खरेंच असतें काय?

१९४७ च्या ऑक्टोबरच्या १३ तारखेस इंग्लंडांतील चेस्टरफील्डच्या रुग्णालयांत वुली व रो या दोघांच्या पाठीच्या कण्यांत बधिरतेचें औषध टोचण्यांत आलें. शस्त्रक्रिया किरकोळ होत्या. पण दोघांचेही पाय कायमचे लुळे झाले. औषधाच्या कुप्यांस न दिसणाऱ्या चिरा पडल्या होत्या व कुप्या ज्या फिनॉलमध्यें बुडवून ठेवीत, तें आंत झिरपलें, असें न्यायालयानें मानलें. हा धोका त्या काळीं अज्ञात होता, म्हणून १९५४ सालीं अपिलांतही कोणी दोषी ठरला नाहीं. भरपाईही मिळाली नाहीं.

तथापि १९९० सालीं निराळें अनुमान पुढें आलें: उपकरणें उकळण्याच्या भांड्यांतील पुटें काढण्यासाठीं घातलेलें आम्ल त्यांतच राहून गेलें असावें. तसें असेल, तर कुप्यांवर नजर ठेवणाऱ्यांनीं भांड्याकडे पाहिलेंच नव्हतें.

आमच्याही कण्यांत एकदां ती सुई शिरली आहे, व आम्ही सुखरूप चालतों आहों. हें आमचें भाग्य कोणाच्या तरी न संपलेल्या शंकेचें फळ होय. न्यायालयास निकाल देऊन थांबतां येतें; वैद्यकास तें परवडत नाहीं.