अण्णांची वही

अण्णा आमचे शेजारी. फोंडाघाटात देवगड-निपाणी रस्त्याच्या कडेला आमची दोन घरं, मध्ये फक्त एक गडगा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सिंगरौलीच्या कोळसा पट्ट्यात खाणीच्या पंपावर काढली. गावी परतले तेव्हा ट्रंकेत, धोतराच्या घडीत गुंडाळलेली एक काचेची बरणी होती. तिथल्याच गोरबीच्या सोडून दिलेल्या खाणीत साचलेलं पाणी. रंग कोऱ्या चहाचा, पण तांबूस. बरणीचं पत्र्याचं झाकण वाटेतच खाऊन चाळण झालं होतं.

मी तेव्हा नववीत. असलं मेलेलं पाणी कशाला आणलं, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "मेलेला नाय गो, जिता आसा."

त्यांनी मला शेताच्या बांधाजवळ नेलं. पाऊस सरला की आमच्याकडे कातळाखालून झरा पाझरतो आणि चरात नारिंगी बुळबुळीत साका धरतो, वर रॉकेल सांडल्यासारखा रंगीत तवंग. अण्णांनी काडी घेऊन तवंगाला टोचलं. त्याचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते तसेच तरंगत राहिले. "रॉकेल आसता तर परत जुळला असता," ते म्हणाले. लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंची ती साय होती. माझ्या आयुष्याचा विषय त्या काडीच्या टोकाशी ठरला.

पुढे पुण्याला एम.एस्सी. करताना मी ती बरणी घेऊन गेले. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घातलेलं आम्लयुक्त द्रावण दोन चंबूंत घेतलं, एकात बरणीतले काही थेंब टाकले. दोन्ही फिकट हिरवे होते. काही दिवसांनी पहिला गंजासारखा तांबडा झाला, दुसरा हिरवाच राहिला. त्या रात्री मी वसतिगृहातून अण्णांना चार पानी पत्र लिहिलं.

चंबूतलं लोह गंजवणारा हा जिवाणू 1947 साली कोल्मर आणि हिंकल यांनी अमेरिकेतल्या कोळसा खाणीच्या पाण्यात शोधला. आज त्याचं नाव ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. कोळशाच्या थरात लोह आणि गंधक यांचं एक खनिज असतं, लोहमाक्षिक. खाण उघडली की त्याला हवा-पाणी लागतं आणि गंधकाम्ल तयार होऊ लागतं. नुसत्या हवेवर सोडलं तर आम्लात हे काम फार सावकाश चालतं, कारण विरघळलेलं लोह गंजायला वेळ लागतो. जिवाणू ते लोह झपाट्याने गंजवतो आणि तेच लोह पुन्हा माक्षिकावर तुटून पडतं. सिंगर आणि स्टम यांनी 1970 मध्ये हिशेब मांडला: या जिवाणूंमुळे वेग दहा लाख पटींपर्यंत वाढतो. म्हणजे ते आम्लात नुसते तग धरून राहत नाहीत, ते आम्ल वाढवतात. आणि एवढ्या आंबट पाण्यात, पीएच दोनच्या आसपास, स्वतःच्या पेशीच्या आत मात्र साडेसहाच्या जवळ पीएच राखतात. मला आजही याचं नवल वाटतं.

पण माझ्या प्रबंधाचा गाभा पुस्तकातून आला नाही. अण्णांकडे एक वही होती. कुठल्या तारखेला पंपाचा बिडाचा पंखा बदलला, एवढंच तीत लिहिलेलं, वर्षानुवर्षं. सुट्टीत मी ती चाळत बसले आणि लक्षात आलं की बहुतेक पंखे जूनमध्ये बदललेले आहेत. विचारलं तर ते सहज म्हणाले, "पयल्या पावसाचा पाणी सगळ्यात जास्त खाता." मला वाटायचं, पाऊस पडला की आम्ल पातळ होणार. खरं उलट आहे. उन्हाळ्यात खाणीच्या भिंतींवर हिराकशीसारखे क्षार पापुद्र्यांनी साठतात, पहिल्या सरीत ते सगळे एकदम विरघळून खाली येतात. शिकलेल्या मला जे सुचलं नाही ते पंपावरच्या माणसाने कधीच टिपून ठेवलं होतं.

आम्ही दोघांनी पडवीत आणखी एक प्रयोग केला. बरणीतलं थोडं पाणी वेगळं काढलं, मालवणहून आणलेला शिंपल्यांचा चुना घालून त्याचा आंबटपणा मोडला, मग शेण आणि भाताचा पेंढा घालून घट्ट बूच लावलं. कुजक्या अंड्याचा वास आला, तळ काळा झाला, पाणी नितळलं. हे दुसरे जिवाणू, गंधकाम्लाचा प्रवास उलटा फिरवणारे. हवा नसेल आणि खायला असेल तरच काम करणारे. पुण्याची आघारकर संशोधन संस्था उभी करणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणात जन्मले होते, हे मी सांगितलं तेव्हा अण्णा चुन्याच्या पुडीकडे बघून मनापासून हसले.

आता अण्णा नाहीत. वही त्यांनी माझ्या नावाने ठेवली होती.

आमच्या जिल्ह्यात रेडीला, कळण्याला खाणींचे खड्डे आहेत. तिथलं लोहखनिज ऑक्साइडचं, त्यात गंधक फार थोडं, म्हणून त्या पाण्याचा लाल रंग मुख्यतः मातीचा. गोरबीशी त्याची गाठ घालू नये. पण रंगावरून ठरवूही नये. तुमच्या गावाजवळ असा खड्डा असेल तर दरवर्षी मेच्या अखेरीस आणि पहिल्या पावसानंतर लगेच त्याच्या पाण्याचा पीएच मोजा. कागदी पट्टी शाळेच्या प्रयोगशाळेत मिळते. आकडा तारखेसकट वहीत लिहा, आणि ती वही सांभाळून ठेवा.