शेवटची रांग

सेवानिवृत्त होऊन मी माकुणसारला परतलो, त्याला आता काही वर्षे झाली. जून महिन्यात पहिलीची मुले नवी दप्तरे पाठीशी लावून शाळेला निघाली, की मला आनंद होतो. आणि त्याच वेळी एक जुनी चूक आठवते. ती चूक माझी स्वतःची आहे.

१९९२ साली मी पाचवीच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. त्या वर्गात एक मुलगा होता. स्वभावाने शांत, पाठांतरात तल्लख. पण फळ्यावरचा मजकूर उतरवून घेताना तो हटकून चुके. ‘घर’चे ‘धर’ होई, ‘भात’चा ‘मात’ होई. हा निष्काळजीपणा आहे, असे मी ठरवून टाकले. एकेक शब्द पन्नास पन्नास वेळा लिहावयास लावला. तरी फरक पडेना, तेव्हा शिक्षा म्हणून त्याला शेवटच्या रांगेत बसविले. तो काहीच बोलला नाही.

पुढे वर्गाची सहल केळव्याच्या समुद्रकिनारी गेली. मुले दूरवरच्या होड्या मोजू लागली. कोणी सात म्हणे, कोणी आठ. मी त्याला विचारले, “तुला किती दिसल्या रे?” तो खाली पाहून म्हणाला, “मला नुसता समुद्र दिसतो, गुरुजी.” माझ्या काळजात चर्र झाले.

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या वडिलांना भेटलो. त्यांनी त्याला मुंबईस नेऊन डोळे तपासून घेतले. चष्मा आला. “माडाच्या झावळीची पाती मला आता अंगणातून मोजता येतात, गुरुजी!” असे तो हरखून सांगू लागला. मी सर्व वर्गासमोर त्याची क्षमा मागितली.

डाव्या डोळ्याला चष्म्याने स्वच्छ दिसू लागले. उजवा मात्र मागेच राहिला. त्याचा दोष फार मोठा होता. लहानपणी ज्या डोळ्याकडून अस्पष्ट चित्र येते, त्याकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा दिला व चांगला डोळा रोज काही वेळ झाकून ठेवला, तर तो बहुधा सुधारतो. पुढे ते कठीण होत जाते. आम्हांला उशीर झाला होता.

मूल तक्रार का करीत नाही? जे पहिल्यापासून अंधुक पाहिले, तेच जग असे त्याला वाटते. म्हणून तपासणे हे मोठ्यांचे काम होय. आणि ते अवघडही नाही. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी तीन दात्यांच्या फणीसारखी आकृती वापरतात. सहा मीटरांवर उभे राहून, एकेक डोळा झाकून, दाते कोणत्या दिशेस आहेत हे बोटांनी दाखवावयाचे. मुलांना तो खेळच वाटतो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आमच्या पालघर भागातच झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावी, अशी त्यात योजना आहे. दृष्टिदोषही तीत पाहिला जातो.

मुलांनो, तुमचा सोबती डोळे बारीक करून फळ्याकडे पाहत असेल, किंवा तुमच्या वहीत डोकावून उतरवून घेत असेल, तर त्याला हसू नका. गुरुजींच्या कानावर घाला. मी त्या मुलाला मागे बसविले, त्या दिवशी मला फळा स्वच्छ दिसत होता. समोरचा मुलगा मात्र दिसला नव्हता.