आधी थांबायला शिकावे

स्कीइंग म्हणजे वेगाने घसरणे, अशी आपली समजूत असते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुलीसह गुलमर्गला गेले, तेव्हा मला उमगले की पहिला दिवस घसरण्याचा नसून थांबण्याचा असतो.

त्याची तयारी घरीच, दीड-दोन महिने आधी सुरू करावी. जिने चढणे-उतरणे, भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे राहणे, एका पायावर तोल सांभाळणे, एवढे नेमाने केले तरी मांड्यांना बळ येते. गुडघेदुखी, हृदयविकार वा रक्तदाब असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर आहे. म्हणून पोहोचल्याचा दिवस विश्रांतीला द्यावा आणि पाणी पीत राहावे.

अंगालगत सुती कपडा नको. तो घामाने भिजतो, लवकर वाळत नाही आणि अंग गारठते. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा घालावा. सर्वांत बाहेरचा थर पाणी अडवणारा असावा. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करू शकतो, तेव्हा गॉगल व सनस्क्रीन ढगाळ दिवशीही हवेच. हेल्मेटला पर्याय नाही.

भाड्याचे बूट घट्ट बसणारे घ्यावेत, आत एकच जोडी मोजे. बूट स्कीला जखडणारे बाइंडिंग आपले वजन, उंची, वय व कौशल्य पाहून जुळवतात. तेथे संकोचाने वजन कमी सांगू नये आणि स्वतःला सराईतही म्हणवू नये. बाइंडिंग सैल राहिले तर स्की अवेळी सुटते; फार घट्ट झाले तर पडताना सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो.

गोंडोलाने वर जाण्याची घाई न करता प्रशिक्षकासोबत पायथ्याच्या सौम्य उतारावर राहावे. स्कीची पुढची टोके जवळ, मागची दूर ठेवून आतल्या कडा बर्फावर दाबल्या की वेग मंदावतो. हे जमेपर्यंत दुसरे काही शिकू नये. तोल गेलाच, तर हात न टेकता कुशीवर बसावे.

दुपार कलली, माझ्या मांड्या थरथरू लागल्या. “आई, शेवटची एकच फेरी!” मुलगी म्हणाली. मी स्की काढून ठेवल्या. थकलेले पाय कडा दाबू शकत नाहीत. ती थोडी रुसली. मग आम्ही दोघींनी गरम कहवा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर आधी तीच पोहोचली, आणि मीही.