मला टेस्टरच व्हायचंय!

"टेस्टिंग? म्हणजे ज्यांना कोडिंग जमत नाही त्यांचं काम!" हा शेरा मेसमध्ये मी इतक्यांदा ऐकलाय, की आता उत्तर लिहूनच द्यावं म्हणते.

सिलॅबसमधल्या टेस्टिंगच्या पायऱ्या पाठ करायला सोप्या आहेत. आधी युनिट टेस्टिंग, म्हणजे एकेक फंक्शन सुटं तपासायचं. मग इंटिग्रेशन, म्हणजे सुटे भाग जोडल्यावर त्यांचं एकमेकांशी जमतं का ते पाहायचं. मग सिस्टिम टेस्टिंग, अख्खा प्रोग्रॅम खऱ्यासारख्या परिस्थितीत चालवायचा. शेवटी ॲक्सेप्टन्स, ज्याच्यासाठी केलं त्याला ते चालतंय का? कोड उघडून आतल्या वाटा तपासल्या की व्हाइट बॉक्स, न उघडता नुसतं इनपुट-आउटपुट पाहिलं की ब्लॅक बॉक्स. झालं पाच मार्कांचं उत्तर!

पण इतक्या पायऱ्या कशाला, हे मला एका रॉकेटमुळे कळलं. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ चार उपग्रह घेऊन पहिल्यांदाच उडालं आणि जेमतेम चाळीस सेकंदांत आकाशात फुटलं. त्याची दिशा आणि स्थिती सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर एरियान-४ मधून घेतलेलं होतं. तिथे ते व्यवस्थित चालत होतं. पण एरियान-५ चा आडवा वेग खूप जास्त. त्या वेगाशी संबंधित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही बंद! कहर म्हणजे, उड्डाणानंतर एरियान-५ ला त्या आकडेमोडीची गरजच नव्हती.

चौकशी समितीला काय आढळलं? नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा कुणी तपासलीच नव्हती. एकत्र चाचण्यांमध्येही खऱ्या यंत्रणेऐवजी तिची नक्कल वापरली होती. जुन्या ठिकाणी पास झालेल्याला नव्या ठिकाणी परीक्षेलाच बसवलं नव्हतं, दुसरं काय!

आपल्या डेमोला तरी वेगळं काय होतं? जे इनपुट चालतं हे ठाऊक असतं, तेच आपण टाइप करतो. मग "इथे चाललं, तिथे चालेल का?" हे विचारायला कुणीतरी नको का? त्यासाठी कोड तर कळावा लागतोच, शिवाय थोडा खवचटपणाही लागतो. माझ्याकडे दोन्ही आहे!

तेव्हा मित्रांनो, उद्या तुमच्या प्रोजेक्टमध्ये मी वयाच्या रकान्यात उणे पाच टाकलं, तर रागावू नका. आज मी टाकलं नाही, तर उद्या दुसरं कुणीतरी टाकणारच आहे.