टाचे

परांची बांधून झाली तेव्हा गावातली पोरं माझ्या आधी वर चढली, फोटो काढले, उतरली आणि मग म्हणाली, "आता जावा मॅडम, हलत नाही." वर पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते बोटाची पेरं शिखरावर वाजवून बघण्याचं. डॉक्टर छातीवर वाजवून बघतात तसं. गिलावा आतल्या विटेला धरून असला की आवाज घट्ट, बसका येतो. सुटलेला असला की रिकाम्या डब्यासारखा. इथे जवळजवळ सगळीकडे डबा वाजत होता.

नीरेच्या खोऱ्यातलं हे महादेवाचं देऊळ. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या एकट्या गावाचं नाही. गाभारा काळ्या घडीव दगडाचा, वर विटा-चुन्याचं निमुळतं शिखर, त्यात कोनाडे आणि कोनाड्यांत चुनेगच्चीच्या मूर्ती. वाई-सातारा-सासवडकडे पेशवाईतली अशी देवळं पावलोपावली आहेत. गाव मात्र त्याला हेमाडपंतीच म्हणतं. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि ज्या बांधणीला त्याचं नाव चिकटलं तिची ओळखच मुळी चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले दगड ही. इथे तर जोत्यापासून वर सगळा चुनाच. पण पहिल्या बैठकीत मी हा वाद काढत नाही. देऊळ किती जुनं हे सांगायला आलेल्या बाईने ते आणखी अलीकडचं ठरवलं, तर चहासुद्धा अर्धाच मिळतो.

तक्रार एकच होती. पावसाळ्यात गाभारा गळतो. पुजारीकाका म्हणाले, "वरून अभिषेक चालूच असतो, आपण फक्त मंत्र म्हणायचे." सगळे हसले, मीही हसले. गळण्याचं कारण सभामंडपातल्या संगमरवरी पाटीवर कोरलेलंच होतं. तीसेक वर्षांपूर्वी मुंबईकर मंडळाने जीर्णोद्धार केला, त्यातल्या वर्गणीदारांची ती यादी. एकावन्न रुपये, एकशे एक रुपये, एकाचे पाचशे एक. गिरणी सुटल्यावर बाजारात ओझी उचलणाऱ्या माणसांनी दहा बाय दहाच्या खोल्यांत राहून हे पैसे साठवले होते. त्यातून शिखराला सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर ऑइलपेंट, आणि सभामंडपाला फरशी.

आता सिमेंटने काय केलं ते. चुन्याची भिंत पाणी पिते आणि सोडते. पावसात ओली होते, उन्हात वाळते, दोनशे वर्षं हेच चालतं. सिमेंट कडक आणि दाट. ऊन लागलं की आतलं विटांचं काम वेगळं फुगतं, वरचा पापुद्रा वेगळा, आणि मध्ये केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत शिरतं, पण अख्ख्या अंगावर रंगाचा आणि सिमेंटचा रेनकोट घातलेला असल्याने परत बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते खाली उतरत गाभाऱ्याच्या छतापर्यंत येतं. वाटेत विटांमधले क्षार बाहेर काढतं, लोणा धरतो, विटेचा भुगा होतो. ओलीवर पिंपळ उगवतो. पिंपळाला हात लावायला गावात कुणी तयार नसतं, आणि नुसता वरून छाटला तर मुळं आत आणखी जोर धरतात. वरून बघणाऱ्याला शिखर गुळगुळीत, रंगीत, जपलेलं दिसतं.

म्हणून आमचं अर्धं काम बांधण्याचं नसतंच, काढण्याचं असतं. सिमेंट काढायला मी लहान छिन्नी आणि लाकडी हातोडा वापरायला लावते. दिवसाला एक माणूस पाट-दोन पाट एवढी जागा मोकळी करतो. ठेकेदार वैतागतात. एकेकाळी मीही वैतागायचे. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती, एका वाड्याची दर्शनी भिंत हाती आली, पाऊस तोंडावर होता, आणि मी ब्रेकर मशीन लावायला परवानगी दिली. दोन दिवसांत सिमेंट खाली आलं. त्याच्यासोबत विटांची तोंडंही आली. पेशवाई विटा पातळ असतात, वरची भाजणी गेली की आत मऊ माती. ती भिंत पुढच्या पावसात जी चिखलासारखी ओघळली ती मला आजही जून उजाडला की आठवते. मालकांनी मला काही म्हटलं नाही. त्यांना वाटलं, जुनं होतं, पडायचंच होतं.

इथे तिसऱ्या दिवशी, पूर्वेकडच्या दुसऱ्या थरात, गवंड्याने मला हाक मारली. सिमेंटचा ताटाएवढा तुकडा निघाला होता आणि मागे एक कोनाडा होता. कुणी तरी तो सपाट भरून टाकला होता. हळूहळू मोकळा केला तर आत एक वीणेकरी. हातभर उंचीचा, मांडी घातलेला, पागोटं डोक्यावर, वीणा खांद्याला टेकलेली. पागोट्याच्या घडीत गेरूचा लाल अजून शिल्लक होता, अंगरख्यावर पिवडीचा पिवळा. बोटं तर इतकी नीट की कुठलं तारेवर आहे ते कळावं.

आणि त्याच्या अंगभर टाचे.

गवंडीकाम ज्यांनी पाहिलंय त्यांना टाचे सांगायला नकोत. नवा गिलावा जुन्या गुळगुळीत भिंतीला धरत नाही, म्हणून आधी टोकदार हत्याराने भिंतीवर खड्डे पाडतात, म्हणजे माल पकड घेतो. हे चांगल्या गवंड्याचं लक्षण आहे. आळशी गवंडी टाचे न मारताच माल थापतो आणि तो वर्षात सुटतो. तीस वर्षांपूर्वी परांचीवर जो कोणी होता तो प्रामाणिक माणूस होता. त्याने छातीवर मारले, गुडघ्यावर मारले, वीणेच्या भोपळ्यावर मारले, आणि चेहऱ्यावर चार. डावा डोळा वाचला होता. उजव्या डोळ्याच्या जागी बोट जाईल एवढा खड्डा.

मी बराच वेळ तिथेच बसले. राग येईल असं वाटलं होतं. आला नाही, कारण तो कुणावर काढायचा? त्या गवंड्याने कामात कसूर केली नव्हती. वर्गणी देणाऱ्यांनी पोटाला चिमटा काढला होता. दुर्लक्ष झालेल्या वास्तू मी खूप पाहिल्यात. त्या पडझडतात, झुडपांत बुडतात, पण त्यांचं मूळ काम बहुतेकदा तसंच राहतं. ज्या वास्तूवर गावाची माया असते तिचं मात्र धड ओळखू येईल असं काही उरत नाही.

आणि हे अडाण्यांचं काम म्हणावं, तर तसंही नाही. 1931 साली अथेन्सला जगभरातले जाणकार जमले आणि त्यांनी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत सिमेंट काँक्रीट जपून वापरायला संमती दिली. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं, आपल्याकडे पोरबंदरला कारखाना निघाला 1914 च्या सुमारास. तेव्हाच्या माणसाला तो चमत्कारच वाटला असणार. रात्रीत दगड होणारा माल! ज्या मुंबईकरांनी डोळ्यांसमोर टोलेजंग इमारती उभ्या राहताना पाहिल्या, त्यांनी आपल्या देवाला तोच माल द्यायचा नाही तर काय द्यायचं?

कायदा या देवळांपर्यंत पोचतही नाही. महाराष्ट्रात केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असलेली स्मारकं तीनशेच्या आत. राज्याचा 1960 चा कायदा आहे, त्याखाली आणखी काही शे. बाकीची हजारो देवळं, वाडे, बारवा, घाट गावाच्या हवाली. गावाने बोलावलं तर आम्ही. तिथे पुरातत्त्व खात्याच्या मार्शलसाहेबांचं 1923 चं संवर्धनाचं पुस्तक काखोटीला मारून गेलं तर उपयोग होत नाही. त्यात जे आहे ते राखा, नवं घडवू नका असा रोख आहे, आणि पडक्या किल्ल्याला तो शोभतोही. पण इथे रोज सकाळी घंटा वाजते. वारसा जपणाऱ्या इनटॅक या संस्थेने 2004 साली असंरक्षित वास्तूंसाठी जी सनद केली तिच्यात जीर्णोद्धाराच्या आपल्या परंपरेला आणि कारागिराला मान्यता दिली, तेव्हा मला खूप सुटल्यासारखं वाटलं होतं. निदान आता जीर्णोद्धार हा शब्द बैठकीत तोंड वाकडं न करता उच्चारता येतो.

चुन्याबद्दल थोडं. लोकांना गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद हे ऐकायला आवडतं. वर्तमानपत्रवाले आले की आधी तेच विचारतात आणि लिहूनही टाकतात की वाडे उडदाच्या डाळीवर उभे आहेत. घालतो आम्ही गूळ आणि हिरड्याचं पाणी, मालाला चिकटपणा येतो, काम करायला वेळ मिळतो. पण कळीचा चुना नीट विझवला नसेल तर अख्खी गुऱ्हाळं ओतून काही होत नाही. कळी पाण्यात टाकली की हौद उकळतो, वाफ निघते, जवळ वाकून बघणाऱ्याची भुवई जाते. मग तो शांत होतो आणि महिना-दोन महिने पाण्याखाली ठेवायचा. दही लागल्यासारखा होतो. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. पूर्वी बैलाच्या घाणीत मळायचे, आम्ही यंत्राच्या घाणीत मळतो. दगडी चाक तेच, बैलाच्या जागी मोटर. माल तयार झाला का हे गवंडी थापी उलटी करून बघतात. थापीला धरून राहिला की झाला. आमच्या बायकांचे हात या दिवसांत चिरतात. दुपारी जेवणाआधी सगळ्या ओळीने बसून खोबरेल चोळतात.

लावल्यावर खरी परीक्षा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीचा दगड होतो, आणि ते फार सावकाश चालतं. त्याला ओलावा हवा, पण भिजवण नको. ऊन हवं, पण थेट नको. म्हणून ओली गोणपाटं टांगायची, दिवसातून चार वेळा पाणी मारायचं, रविवारीसुद्धा. प्रयोगशाळेत वापरतात ते फिनॉल्फ्थॅलीन माझ्या पिशवीत छोट्या बाटलीत असतं. मोडलेल्या तुकड्यावर दोन थेंब टाकले की जिथे चुना अजून कच्चा आहे तिथे गुलाबी होतो, पक्का झालेला रंग बदलत नाही. पोरांना हा खेळ फार आवडला. वर्षापूर्वी लावलेल्या जोत्याच्या दर्जेचा तुकडा मोडून दाखवला, तर कड कोरी आणि पोटात गुलाबी. एक आजोबा म्हणाले, "म्हंजे अजून पिकतंय."

शिखर मोकळं होता होता अकरा मूर्ती निघाल्या. मोर, माकड, दोन साधू, एक टोपीवाला शिपाई, बाकीचे वादक. सगळ्यांवर टाचे. आणि मग बैठक बसली, कारण गावाला चेहरे हवे होते.

माझं म्हणणं असं की अंगावरचे खड्डे चुन्याने भरू, म्हणजे पाणी साचणार नाही. चेहऱ्याचे भरू, पण नाक-डोळे घडवायचे नाहीत. जे होतं ते कसं होतं हे आपल्याला ठाऊक नाही, आणि अंदाज सुरू झाला की थांबायचं, हा आमच्या धंद्यातला नियम. 1964 च्या व्हेनिसच्या सनदेत तो लिहिलेला आहे. मी व्हेनिस म्हणाले नाही, नियम म्हणाले.

"पण मॅडम, भंगलेली मूर्ती ठेवत नाहीत," सरपंचताई म्हणाल्या.

"पूजेतली. या शिखरावरच्या आहेत."

"देवळावरच्याच ना पण?"

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी म्हणाले की हा माणूस कोणी घडवला त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, त्याच्या हातचं जेवढं उरलंय तेवढंच दिसू दे. आपण नवा डोळा काढला तर तो आपला असेल. पाटीवर पाचशे एक रुपये असलेल्या माणसाचा मुलगा तिथे होता. तो एवढंच म्हणाला, "आमच्या बापाच्या पैशानं फुटला म्हणायचा हा डोळा." मग कुणीच काही बोलेना. चहा आला. शेवटी माझं मान्य झालं, पण मला त्या होकारात पटल्याचा आवाज ऐकू आला नाही. शिकलेली बाई सांगते तर असू दे, इतकाच होता.

खड्डे भरायला आमचा सगळ्यात हलक्या हाताचा गवंडी लावला. वस्त्रगाळ चुना, त्यात संगमरवराची पूड, बोटाने आणि बांबूच्या कामटीने. त्याचा बापही गवंडी, या खोऱ्यात सगळीकडे कामं केलेला. तीस वर्षांपूर्वी या परांचीवर कोण होतं हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. एवढंच, की वीणेकऱ्याच्या कोनाड्यापाशी तो दुसऱ्या कुणाला येऊ देत नव्हता.

परांची उतरवायच्या आदल्या दिवशी मी शेवटचे फोटो काढायला वर गेले. संध्याकाळची तिरपी उन्हं पश्चिमेकडे होती, पूर्वेच्या कोनाड्यात सावली. जवळ गेल्यावर दिसलं. उजव्या डोळ्याचा खड्डा भरून नुसता सपाट असायला हवा होता. त्यावर पापणीची एक बारीक रेघ होती, डाव्या डोळ्याला जुळणारी, किंचित मिटलेली, गाताना मिटते तेवढी. चुना अजून ओला होता. अंगठ्याने पुसला असता तर गेला असता.

खालून गवंडी बघत होता. हातात पाण्याची बादली, गोणपाट भिजवायला निघालेला. मी खाली बघून म्हणाले, "याला आणखी आठ दिवस ओलं ठेवायला लागेल." तो म्हणाला, "ठेवतो की."

अहवालात वीणेकऱ्याचा फोटो आहे. डाव्या बाजूने घेतलेला.