न फवारलेल्या ओळी

माढ्याच्या आमच्या रानात तुरीवर नवीन औषध मारायचं असलं की तात्या कडेच्या दोन ओळी तशाच सोडत. बियाणं तेच, माती तीच, पाऊस तोच. शेजारी विचारत, "त्या का ठेवल्या?" तात्या म्हणत, "अळी औषधानं गेली का पावसानं, ते ह्या ओळीच सांगत्यात."

पुढं एसटीनं बार्शीला कॉलेजात जाऊ लागले, बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. रक्तातली साखर मोजायच्या प्रॅक्टिकलला तीन टेस्टट्यूब लागत. एकीत नमुना, दुसरीत माहीत असलेल्या प्रमाणाचं ग्लुकोज, तिसरीत नुसता रिएजंट. ही तिसरी म्हणजे 'ब्लँक'. कलरीमीटर आधी तिच्यावर शून्याला आणायचा, मगच बाकीच्यांचं रीडिंग घ्यायचं. रिएजंटला स्वतःचा थोडा रंग असतोच. तो वजा केला नाही तर पेशंटच्या नावावर चढतो.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला आम्ही कडुनिंबाचा अर्क निवडला. पाला सावलीत वाळवून कुटला, अल्कोहोलमध्ये भिजत घातला, गाळला. पेट्रीडिशमधल्या अगारवर जिवाणू पसरून बोररनं भोकं पाडली. किती आणि कशासाठी, ते मॅडमनी आधीच कागदावर काढून घेतलं होतं: दोन अर्काची, एक अँटिबायोटिकचं, एक नुसत्या अल्कोहोलचं. दुसऱ्या दिवशी डिश इनक्युबेटरमधून काढली, तर अर्काभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. आम्ही हरखून गेलो. मॅडमची नजर मात्र अल्कोहोलच्या भोकावर होती. तिथंही वर्तुळ होतं. लहान, पण होतं. दोन्ही मोजून मिलिमीटर वहीत लिहायला लावले आणि म्हणाल्या, "जिवाणू अल्कोहोलनंही मरतात. कडुनिंबाला त्याच्या हक्काचं तेवढंच श्रेय द्यायचं."

माणसांवरच्या संशोधनाचा इतिहास वाचू लागले, तेव्हा हे श्रेय वाटून देणं किती अवघड आहे ते कळलं. प्लेगच्या साथीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. धाडस मोठंच, पण लस अंगाला सोसते, एवढंच त्यातून कळलं. ती प्लेगला अडवते का, हे पाहायला भायखळ्याच्या तुरुंगातले लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी शेजारी शेजारी मोजावे लागले. कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न आजची एथिक्स कमिटी आधी विचारेल, आणि विचारायलाच हवा.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो गडचिरोलीचा अभ्यास. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायची सोय केली. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा होती तशीच चालू राहिली. जन्म आणि मृत्यू मात्र दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे नोंदले. पहिल्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेनं ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. नुसत्या ३९ गावांचे आकडे असते तर कुणीही म्हणालं असतं, दिवस पालटले, रस्ते झाले, म्हणून बाळं जगली.

ब्लँक ट्यूबला आई नसते. त्या ४७ गावांतल्या प्रत्येक बाळाला होती. तिथल्या घरांनी आपलं दुःख मोजू दिलं, म्हणून दुसऱ्या गावांतलं यश खरं ठरलं. २०११ पासून आशाताईंमार्फत ही सेवा देशभर सुरू झाली. माझी पुतणी बाळंत होऊन माढ्याला घरी आली, तेव्हा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई बाळाचं वजन करायला, ताप बघायला दारात हजर. त्या भेटींमागं गडचिरोलीतल्या दोन्हीकडच्या गावांचं देणं आहे.

आता मी स्वतः शिकवते. प्रोजेक्टचा विषय घेऊन येणाऱ्या मुलांना पहिलं विचारते, "तुलना कशाशी करणार?" अभ्यास माणसांचा असेल, तर आणखी दोन प्रश्न असतात: "ज्यांना काहीच देणार नाही, त्यांना हे नीट समजावून विचारलंय का? आणि गुण आला, तर तो त्यांच्यापर्यंत कधी पोचवणार?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिहिल्याशिवाय मी सही करत नाही.