घाटमाथ्यावरचें सूर्यदर्शन

सूर्योदय किंवा सूर्यास्त पाहावयाचा तर समुद्रकांठींच गेलें पाहिजे, अशी समजूत आमच्या घरांतील तरुण मंडळींत दृढ झालेली आहे. सुटी लागली कीं चिरंजीव आणि सूनबाई कोंकणची वाट धरतात, आणि परत आल्यावर पाण्यांत बुडणाऱ्या सूर्याचीं छायाचित्रें सर्वांना दाखवितात. तीं सुंदर असतात, यांत शंका नाहीं. परंतु आम्ही पडलों घाटावरचे. कृष्णाकांठीं, वाईस, आमचा जन्म गेला. ज्यांच्या वांट्यास समुद्र आला नाहीं त्यांनीं सूर्य कोठें पाहावा, हा प्रश्न आम्हांला उतारवयांत पडला; आणि त्याचें उत्तर शोधतांना घरांतल्याच एका गोष्टीचा उलगडा झाला. तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

समुद्रावर क्षितिज सपाट असतें. तेथें पंचांगांतील वेळ आणि डोळ्यांना दिसणारी वेळ यांत फारसें अंतर पडत नाहीं. घाटावर तसें नाहीं. ज्याच्या पूर्वेस डोंगर, त्याचा सूर्य उशिरा उगवतो; ज्याच्या पश्चिमेस डोंगर, त्याचा सूर्य पंचांगाच्या आधींच मावळतो. आमच्या वाईस सूर्य पांचगणीच्या डोंगराआड जातो, आणि त्यानंतरही उजेड बराच वेळ रेंगाळत राहतो. उलट उंच माथ्यावर उभें राहिलें तर क्षितिज खालीं जातें, व तेथील सूर्य खालच्या लोकांच्या सूर्याहून कांहीं मिनिटें आधीं उगवतो आणि कांहीं मिनिटें उशिरा मावळतो. शिवाय ऋतूचाही विचार करावा लागतो. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य खऱ्या पूर्वेपासून सुमारें 25 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, आणि जूनच्या अखेरीस तितकाच उत्तरेकडे. तात्पर्य, समुद्रावर नुसतें जावें लागतें. घाटावर जागाही निवडावी लागते.

हें सर्व आम्हांला ठाऊक होतें. पाहिलेलें मात्र नव्हतें. एका शाळेंत तीस-बत्तीस वर्षें आम्हीं संस्कृत शिकविलें. मुंज झाल्यापासून सकाळची संध्या सहसा चुकविली नाहीं. परंतु आमचें देवघर माजघराला लागून. पूर्वाभिमुख बसून सूर्यनारायणास आम्हीं जें अर्घ्य दिलें, तें वास्तविक समोरच्या भिंतीलाच दिलें.

शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत कण्वांचा एक शिष्य रात्र किती उरली आहे हें पाहण्यासाठीं बाहेर येतो. एका बाजूस चंद्र अस्तास चालला आहे, दुसऱ्या बाजूस अरुणाला पुढें करून सूर्य वर येत आहे. आणि त्या दोन तेजांच्या उदयास्तांत त्याला मनुष्याच्या भाग्यांतील चढउतारांचा नियम दिसतो. तो श्लोक आम्हीं प्रतिवर्षीं मोठ्या रंगांत येऊन शिकविला. अन्वय, विग्रह, अलंकार, सर्व कांहीं फळ्यावर मांडीत असूं. एके वर्षीं मागल्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, दोन्ही खरेंच एकदम दिसतात का? आपण पाहिलें आहे?"

प्रश्न सरळ होता. 'नाहीं' एवढेंच त्याचें खरें उत्तर होतें. पण आम्हीं म्हटलें, "बाळ, काव्याला डोळे लागत नाहींत, डोकें लागतें." वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला, आणि त्या वर्षांत त्यानें पुन्हा कधीं कांहीं विचारलें नाहीं. त्या दिवशीं आपण मोठे हजरजबाबी ठरलों, असें आम्हांला वाटलें होतें. निवृत्त झाल्यावर, रिकाम्या दुपारीं, तो मुलगा वरचेवर आठवूं लागला.

वाईहून महाबळेश्वर तीस-बत्तीस किलोमीटर. तेथें आम्ही अनेकदां गेलों. पण तें कोणी पाहुणे आले म्हणजे त्यांस घेऊन. क्षेत्र महाबळेश्वरीं देवदर्शन करावयाचें, पंचगंगेच्या कुंडाचें पाणी डोळ्यांस लावावयाचें, आणि दिवस कलण्यापूर्वीं एसटीनें परत फिरावयाचें. दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत चिरंजीवांनीं आग्रह करून आम्हां उभयतांची तेथें दोन रात्रींची सोय केली. पौर्णिमा झाली, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे अंधारांतच आम्ही विल्सन पॉइंटवर गेलों.

ही महाबळेश्वरांतील सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून 1,400 मीटरांहून अधिक. तिचें जुनें नांव सिंदोळा. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव तिला पुढें मिळालें. माथ्यावर चौथरे बांधलेले आहेत, आणि उदय व अस्त दोन्ही येथून पाहतां येतात. थंडी चांगलीच होती. आम्हीं कानटोपी घातली होती, सौभाग्यवतींनीं शालींवर शाल घेतली होती. खालच्या खोऱ्यांत धुकें दह्यासारखें लागलेलें होतें, आणि त्यांतून डोंगरांच्या सोंडा तेवढ्या वर आल्या होत्या.

'तांबडें फुटलें' असें म्हणण्याचा प्रघात आहे. पण पहिला रंग तांबडा नव्हता. प्रथम आभाळ राखी झालें, मग फिकट पिवळें, आणि केव्हां त्यांत केशर मिसळलें तें कळलें नाहीं. सातच्या सुमारास आग्नेयेकडील एका डोंगराच्या पाठीवर तप्त तांब्याची एक कोर दिसली. आम्ही हात जोडणार, तोंच सौभाग्यवतींनीं शालीचें टोंक ओढलें. "अहो, मागें पाहा."

मागें वायव्येस, झाडांच्या शेंड्यांवर, चंद्र होता. पुरा गोल, पण तेज गेलेला. जणूं धुऊन वाळत घातलेला. डिसेंबरांत सूर्य जितका दक्षिणेस उगवतो, तितकाच पौर्णिमेचा चंद्र उत्तरेस मावळतो. कारण त्या दिवशीं दोघे एकमेकांच्या समोर असतात. आम्ही एकदां इकडे, एकदां तिकडे पाहत राहिलों. श्लोक ओठांवर आला, पण पुरता म्हणवला नाहीं.

"म्हणजे, हें तुम्हीं आधीं पाहिलें नव्हतें?" सौभाग्यवतींनीं विचारलें. त्यांच्या स्वरांत थट्टा नव्हती. निव्वळ आश्चर्य होतें. "हें तर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं नेहमींच दिसायचें. नळ येईपर्यंत पहाटे विहिरीवर पाणी भरायला मीच जात होतें ना! चंद्र चिंचेमागें असायचा, नि इकडे दिंडीदरवाज्यावर उजेड आलेला असायचा. सासूबाई म्हणायच्या, 'सूनबाई, दोन दिवे लागलेत, कंदील मालव.'"

आम्ही निरुत्तर झालों. मग एक गोष्ट लक्षांत आली, जी तीस वर्षें शिकवूनही आली नव्हती. कालिदासानें हें दृश्य कण्वमुनींच्या तोंडीं घातलेलें नाहीं. नुकत्याच झोंपेंतून उठलेल्या, कामासाठीं बाहेर धाडलेल्या एका पोरसवदा शिष्याच्या तोंडीं घातलें आहे. कामाला ज्याला उठावें लागतें, त्यालाच तें दिसावयाचें. आमच्या घरांत तो शिष्य कोण होता, हें कळावयास आम्हांला महाबळेश्वरावर जावें लागलें.

तो मागल्या बांकावरचा मुलगा आतां पन्नाशीच्या आसपास असेल. हा अंक त्याच्या हातीं पडला, तर त्यानें आपल्या प्रश्नाचें उत्तर येथें वाचावें: होय, दोन्ही एकदम दिसतात, आणि तेव्हां आम्हीं तें पाहिलेलें नव्हतें.

त्याच सायंकाळीं आम्ही बॉम्बे पॉइंटवर गेलों. येथें पश्चिमेस कोंकणांत उतरत जाणाऱ्या डोंगरांच्या रांगा, एकीमागें एक, अधिकाधिक फिकट होत जातात, प्रतापगडही दिसतो. गर्दी पुष्कळ होती. सूर्य खालीं येऊं लागला तसा त्याचा गोल चेपटल्यासारखा दिसूं लागला. क्षितिजाजवळच्या दाट हवेंतून येतांना किरण वांकतात, त्याचा हा परिणाम. सपाट क्षितिजाला बिंबाची खालची कड टेकलेली आपण पाहतों, तेव्हां खरा सूर्य क्षितिजाखालीं गेलेलाच असतो. आपण पाहतों ती त्याची उचललेली प्रतिमा. त्यानंतर सबंध बिंब नाहींसें होण्यास आपल्याकडे दोन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ लागतो.

हें आम्ही समजावून सांगत होतों; पण सौभाग्यवतींचें लक्ष नव्हतें. त्या सारख्या घड्याळाकडे पाहत होत्या. "दिवेलागण झाली, निघूं या का?" असें त्यांनीं दोनदां विचारलें. "इथें कसली आलीय दिवेलागण!" असें आम्ही म्हणालों, तेव्हां त्या जरा ओशाळून हंसल्या. "संवय," म्हणाल्या. "सूर्य बुडतांना मी कधीं नीट पाहिलाच नाहीं बघा. त्या वेळेला देवापुढचा दिवा, मुलांचें शुभंकरोति, भात टाकायचा, तुम्ही फिरून यायचे म्हणून चहाचें आधण. उगवतांना बाहेर काम होतें म्हणून पाहिला. मावळतांना काम आंत असायचें."

आम्ही त्या वेळीं कृष्णेच्या घाटावर फिरावयास जात असूं. रोज, न चुकतां. परत आल्यावर चहा तयार नसला तर आम्हीं काय बोललों असूं, तें आतां आठवावेंसें वाटत नाहीं. सूर्य गेला, गर्दी पांगली, तरी आम्ही दोघे कठड्याशीं बसून राहिलों. निघावयाचें कोणीच बोललें नाहीं.

त्यानंतर आम्हीं संसारांतून सवड काढून आणखी कांहीं ठिकाणें पाहिलीं. पांचगणीचें टेबललँड उघडें, सपाट पठार असल्यामुळें दोन्ही वेळांस सोयीचें. पचमढीजवळचें धूपगड हें सातपुड्यांतील सर्वांत उंच शिखर, सुमारें 1,350 मीटर; तेथेंही उदयास एक बाजू आणि अस्तास दुसरी. परंतु सर्वांहून निराळें स्थान कोल्हापूरचें. तेथील महालक्ष्मी पश्चिमाभिमुख आहे. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वाराकडून आंत येऊन देवीच्या चरणांवरून वर चढतात. याला किरणोत्सव म्हणतात. 21 डिसेंबरच्या आधीं सुमारें 41 दिवस आणि नंतर सुमारें 41 दिवस सूर्य आकाशांत एकाच वाटेनें जातो, म्हणून हा योग वर्षांतून दोनदां येतो. ढग किंवा धूळ असली तर किरण अर्ध्यावरच विरतात. सूर्याकडे पाठ करून सूर्यास्त पाहावयाचा, असें हें दर्शन आहे.

जाणाऱ्यांस दोन सूचना. पावसाळ्याचे चार महिने सह्याद्रीवर सूर्याचा भरंवसा धरूं नये; कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. आणि बिंब गेलें कीं लगेच उठूं नये. टेबललँडसारख्या मोकळ्या जागीं पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावें. क्षितिजावर निळसर करडा पट्टा व त्यावर गुलाबी पट्टा वर चढतांना दिसतो. तो खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली.

आतां आमच्या घरीं संध्याकाळचा क्रम बदललेला आहे. देवापुढें दिवा आम्ही लावतों. चिरंजीव आणि सूनबाई यांपैकीं जें आधीं घरीं येईल, तें कुकर चढवितें. सौभाग्यवती गच्चीवर जातात. पहिले आठ दिवस त्या पांच मिनिटांत खालीं येत. वरून शिट्ट्या मोजीत असत. आतां येत नाहींत.

गेल्या महाशिवरात्रीस खालीं येऊन म्हणाल्या, "संक्रांतीला सूर्य शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडे जात होता. आज अगदीं टाकीच्या मागें गेला." अयन, क्रांति, अंश हें सर्व सांगण्यासाठीं आम्हीं तोंड उघडलें, आणि विचार करून मिटलें. "चल, दाखव," म्हटलें. पण वर जाईपर्यंत सूर्य डोंगराआड गेला होता. दुसऱ्या दिवशीं दिवा अंमळ लौकर लावून आम्हीही गच्चीवर गेलों.